मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या काठी टँकर का लागतो? (शहापूर, मोखाडा, वाडा आणि आता गारगाई)

खर्डीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय काढायचा होता. जून उजाडला की टीव्हीवर आणि पेपरात रोज सात तलावांचा तक्ता येतो, कुठल्या तलावात किती टक्के, गेल्या वर्षी आजच्या दिवशी किती होतं, कपात होणार का नाही. मुंबईकर तो तक्ता बघतात आणि हायसं वाटून घेतात किंवा घाबरतात. त्या तक्त्यातल्या सातपैकी पाच तलाव मुंबईत नाहीत. विहार आणि तुळशी तेवढे नॅशनल पार्कात, बाकी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा हे सगळे शहापूर, वाडा, मोखाडा आणि इगतपुरीकडच्या डोंगरात. मी शहापूर तालुक्यातला, रोज कसारा लोकलने कामाला येतो, गाव खर्डीपासून आत आहे. आमच्याकडे होळी झाली की विहिरी तळ गाठतात आणि एप्रिलमध्ये टँकर सुरू होतो. टँकरवाला पाणी थेट विहिरीत ओततो आणि मग बाया पोहरा टाकून तेच पाणी परत वर ओढतात, कारण साठवायला टाकी नाही, असली तर गळकी.

आता पाऊस बघा. आमच्या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मोखाड्यालाही तसाच. मराठवाड्यातल्या माणसाला सांगितलं तर त्याला खोटं वाटेल की इथे टँकर लागतो. आणि सात तलाव भरले की साठा होतो १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, त्यातले ७ लाख १७ हजार एकट्या भातसाचे, म्हणजे निम्मं पाणी आमच्या एका तालुक्यातल्या एका धरणातलं.

मुंबईला पाणी देऊ नका असं मी म्हणत नाहीये. माझी बहीण मुलुंडला राहते, ती पण तेच पाणी पिते. मला एवढंच कळून घ्यायचंय की धरण बांधताना काठच्या पाड्यांच्या नळाचा विचार त्याच नकाशावर का होत नाही. आता वाड्याला मुंबईसाठी नवं गारगाई धरण बांधायचं परत चाललंय, तिथे तरी हे आधी ठरावं असं मनापासून वाटतं. जाणकारांनी लिहा.

जुनी_मुंबई

चांगला धागा. थोडा इतिहास टाकतो कारण हा प्रश्न आजचा नाही.

मुंबई बेटावर आधी विहिरी आणि तलाव होते, धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, नवाब टँक, आज फक्त नावं राहिलीत. १८५० च्या दशकात पाण्याची इतकी ओढाताण झाली की गुरं माहीमकडे हलवली आणि पाणी बाहेरून आणावं लागलं. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या आराखड्यावर मिठी नदी अडवून विहार झाला, १८६० ला. शहराला नळाने पाणी मिळालं ते तेव्हापासून. ते पुरेना म्हणून १८७९ ला तुळशी. तेही पुरेना म्हणून १८९२ ला तानसा, आणि इथे पहिल्यांदा शहर साष्टी बेट सोडून लांब ठाणे जिल्ह्यात गेलं. तानसाची भिंत दगडी, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब, त्या काळात केवढं मोठं काम असेल विचार करा. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवली.

स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडकसागर, १९५७ च्या सुमारास. नाव महापालिकेचे इंजिनिअर ना. वि. मोडक यांचं, आल्बर्ट मेयर यांच्याबरोबर १९४८ ला मुंबईचा आराखडा केला तेच हे मोडक. मग १९७३ ला अप्पर वैतरणा, १९८० च्या दशकात भातसाचं पाणी, आणि २०१४ ला मध्य वैतरणा, १०२ मीटर उंचीचं.

क्रम बघा, शहराची तहान वाढली की शहर एक खोरं पुढे सरकलं. प्रत्येक वेळी "आता पुढची काही वर्षं चिंता नाही" असं म्हटलं गेलं आणि प्रत्येक वेळी ते कमी पडलं. या दीडशे वर्षांत काठच्या गावाला पाणी द्यायचं हे कुठल्याच टप्प्यावर मूळ योजनेचा भाग नव्हतं. ब्रिटिशांच्या काळात नव्हतं ते समजू शकतो. १९७३ ला का नव्हतं हा खरा प्रश्न.

गोरेगावकर_७१

दोन्ही पोस्ट वाचल्या, मन लावून लिहिलंय. पण दुसरी बाजू पण मांडतो, राग मानू नका.

मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा ही धरणं मुंबई महापालिकेने बांधली, पाइपलाइन, बोगदे, भांडुपचं शुद्धीकरण केंद्रही महापालिकेचंच. आम्ही पाणीपट्टी भरतो. गावाला पाणी देणं हे जिल्हा परिषदेचं आणि राज्य सरकारचं काम आहे, त्यासाठी स्वतंत्र योजना आणि स्वतंत्र निधी येतो. तो निधी कुठे गेला हे आधी विचारायला हवं. सगळं मुंबईच्या गळ्यात घालून प्रश्न सुटणार नाही. आणि मुंबईच्या पाण्यातून ठाणे, भिवंडी आणि वाटेवरच्या गावांना दिवसाला दीडशे दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी दिलं जातं हेही लक्षात घ्या.

मानखुर्दची_ताई

मुंबई मुंबई म्हणताय ती कोणती मुंबई? आमच्या वस्तीत पाणी येतं पहाटे, तेही तासभर, आणि ज्याच्याकडे टुल्लू पंप त्याला मिळतं, बाकीच्यांचा पाइप नुसता हवा सोडतो. उन्हाळ्यात पिंपाने पाणी विकत घेतो आम्ही. पालिकेचं माप पण वेगळं आहे, इमारतीला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीला ४५. तेव्हा शहापूरच्या बाईने हंडा डोक्यावर घेतला आणि इथे मी पिंप लोटत आणलं, आम्हा दोघींच्या नावाने कोण तिसराच पाणी पितो हे पण कोणीतरी लिहा.

खर्डीकर

ताई, पटलं. आणि गोरेगावकर साहेब, राग नाही. ठाणे-भिवंडीचा आकडा बरोबर आहे, पण ती गावं पाइपलाइनच्या खालच्या अंगाला, शहराच्या जवळची. आमचा पाडा धरणाच्या वरच्या अंगाला आहे, तिथून पाइप जातच नाही.

उपअभियंता_निवृत्त

मी पाटबंधाऱ्याच्या आणि पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलं, ठाणे जिल्ह्यात बरीच वर्षं होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट उंचीची. धरण नदीत असतं आणि नदी दरीत. पाडे असतात माळावर, डोंगराच्या सोंडेवर, कारण खालची सपाट जमीन एकतर भाताची किंवा बुडालेली. म्हणजे पाणी डोळ्यांना दिसतं पण ते पाड्याच्या खाली आहे. खाली जाणाऱ्याला ते फुकट मिळतं, वर राहणाऱ्याला पंपाने उचलावं लागतं. मुंबईचं नशीब असं की ती समुद्रसपाटीला आहे, तानसा आणि वैतरणेचं पाणी शंभर किलोमीटर उताराने आपोआप भांडुपपर्यंत येतं. भातसाचं तेवढं वेगळं, ते धरणातून नदीत सोडतात, नदीतून वाहत पिसे इथल्या बंधाऱ्याला येतं, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग पुढे येवईच्या जलाशयात.

दुसरी गोष्ट दगडाची. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी धरत नाही, वरचा मुरमाचा थर पातळ. अडीच हजार मिलिमीटर पडलं तरी चार महिन्यांत ओढ्या-नाल्यांनी खाली निघून जातं. दिवाळीपर्यंत विहीर भरलेली, संक्रांतीला अर्धी, होळीला तळ. बोअर मारून काही होत नाही, आमच्या डोळ्यांदेखत किती कोरड्या गेल्या. म्हणून धरणाशिवाय इथे उन्हाळ्यात पाण्याचा मोठा साठाच नाही, आणि जो साठा आहे तो दुसऱ्याच्या नावावर.

तिसरी गोष्ट विजेच्या बिलाची, आणि खरी मेख इथेच आहे. समजा तलावातून उचलून पाणी पाड्याला दिलं. पंप बसतो, टाकी होते, उद्घाटन होतं. पहिलं वर्ष चालतं. मग बिल येतं ग्रामपंचायतीच्या नावावर, पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी किती जमणार, निम्मं गाव दिवाळीनंतर जगायला बाहेर गेलेलं असतं, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. बिल थकतं, कनेक्शन कापलं जातं, पंप गंजतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत टँकर. अशा मेलेल्या योजना मी मोजत बसलो तर रात्र जाईल.

चौथी गोष्ट, गोरेगावकर म्हणाले ती, जबाबदारी कोणाची. भातसा आणि अप्पर वैतरणा ही राज्याच्या जलसंपदा खात्याची धरणं. बाकी पाच तलाव महापालिकेचे. गावाचं पाणी जिल्हा परिषदेचं. म्हणजे धरणवाल्याचा गावाशी संबंध नाही आणि गाववाल्याचा धरणाशी नाही. प्रत्येक खातं आपलं काम चोख करतंय असं कागदावर दाखवता येतं आणि तरीही पाडा कोरडा राहतो. मधल्या या जागेत कोणीच उभं नाही हे मला नोकरीत असताना कायम खुपायचं.

डोंगरवाट

सर, सलाम तुम्हाला. इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

मीनल_ठाणे

मी आकड्यांची माणूस आहे म्हणून जरा हिशोब केला. जलजीवन मिशनमध्ये गावात माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. समजा या तलावांच्या काठच्या सगळ्या तहानलेल्या पाड्यांची मिळून लोकसंख्या एक लाख धरली (खरी किती ते तालुकावार काढावं लागेल, हे फक्त अंदाज यायला). एक लाख गुणिले ५५ म्हणजे ५५ लाख लिटर, साडेपाच दशलक्ष लिटर रोज. मुंबईला रोज जातं साधारण ३९०० दशलक्ष लिटर. म्हणजे मुंबईच्या दर हजार लिटरमागे दीड लिटरसुद्धा नाही! लोकसंख्या दुप्पट धरा, तरी तीन लिटर.

आणि मुंबईत गळती आणि चोरीत जातं ते चौथ्या हिश्श्याहून जास्त धरतात. म्हणजे जवळपास हजार दशलक्ष लिटर रोज. त्या गळतीतला एक छोटासा तुकडा थांबवला तरी काठच्या गावांचं पाणी निघतं, मुंबईकराच्या बादलीला हातसुद्धा न लावता. इथे पाणी कमी पडतंय म्हणून गावाला देता येत नाही हा युक्तिवादच उभा राहत नाही. प्रश्न पाण्याचा नाहीये, सरांनी सांगितला तो पंपाचा, बिलाचा आणि मालकीचा आहे.

गोरेगावकर_७१

मीनलताई, हिशोब पटला. हजारात दीड लिटर असेल तर मुंबईतला कोणीच नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. पण मग दीड लिटर नेमकं कोणी उचलायचं आणि बिल कोणी भरायचं? तेवढंच राहतं ना.

शहापूरचा_मास्तर

शाळेत शिकवतो, पोरांची हजेरी बघून सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या तासाला मुली उशिरा येतात किंवा येतच नाहीत, विचारलं तर उत्तर एकच, पाण्याला गेलो होतो गुरुजी. काही पाड्यांवर ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात, रात्रभर त्यात पाणी झिरपतं आणि पहाटे वाटीने भरून हंडा करायचा. एक हंडा भरायला लागणारा वेळ मी शेजारी उभं राहून बघितलाय. त्यामुळे रात्री तीनलाच नंबर लावायला बाया जातात, बिबट्याचं भय असतं तरी.

एक भर घालतो. शहापूरसाठी भावली धरणाची योजना गाजते आहे ती तुम्हा लोकांना माहीत असेल. भावली इगतपुरीत, घाटमाथ्यावर, दारणेच्या खोऱ्यात. उंचावर असल्यामुळे तिथून पाणी उताराने शहापूरच्या गावांत येऊ शकतं, पंपाचं बिल नाही. कल्पना चांगली आहे. पण बघा ना, तालुक्यात भातसा असताना आम्हाला गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी आणावं लागतंय, आणि तिकडे नाशिक-मराठवाड्याची माणसं म्हणतात आमचंच पाणी आम्हाला पुरत नाही तर कोकणात कशाला. त्यांचंही खोटं नाही. आपल्या दारातलं पाणी शहराने नेलं म्हणून आम्ही दुसऱ्या तहानलेल्याच्या दारात उभे, हे मला फार लागतं.

बोरघरची_सून

मी मोखाड्याकडची. मास्तरांनी लिहिलं ते शब्द न शब्द खरं. माझ्या सासूबाईंच्या डोक्याला हंड्याच्या चुंबळीने टक्कल पडलंय. मध्य वैतरणा धरण झालं तेव्हा आमच्याकडच्या पोरांना तिथे काम मिळालं होतं, धरण झाल्यावर कामही गेलं. पाणी तर खालीच दिसतं. आम्हाला काही नको, वाडीच्या मधोमध एक नळ हवा आहे, बारा महिने चालणारा.

हडसनकाठ

न्यू जर्सीत राहते, माहेर कल्याणचं, त्यामुळे धागा वाचताना पोटात तुटलं. इथलं एक उदाहरण देते कारण ते थेट लागू पडतं.

न्यूयॉर्क शहराचं जवळपास ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर भागातल्या डोंगरातल्या जलाशयांतून येतं. विसाव्या शतकात हे जलाशय बांधताना गावंच्या गावं उठवली, दफनभूमीसकट, आणि तिथल्या लोकांच्या मनात शहराबद्दल कित्येक दशकं कडवटपणा होता. १९९० च्या दशकात शहरासमोर प्रश्न आला की पाणी गाळायचं प्रचंड महागडं केंद्र बांधायचं की डोंगरातलं पाणी मुळातच स्वच्छ ठेवायचं. स्वच्छ ठेवायचं तर तिथल्या गावांची आणि शेतकऱ्यांची साथ हवी. मग १९९७ ला शहर, राज्य आणि त्या डोंगरातल्या गावांनी मिळून लेखी करार केला. शहर तिथल्या सांडपाण्याच्या टाक्या दुरुस्त करायला पैसे देतं, शेतकऱ्यांना शेण-खत नदीत जाऊ नये म्हणून बांधकामाला मदत करतं, जमीन घेतं ती बाजारभावाने आणि विकणाऱ्याच्या मर्जीने. भांडणं अजून होतात, पण करार आहे, कागदावर आहे, आणि पैसा शहराकडून डोंगराकडे जातो.

तानसाचं अभयारण्य, वैतरणेचं जंगल, हे टिकलंय म्हणून मुंबईच्या तलावांत गाळ कमी येतो. त्या जंगलात राहणारा ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाज आहे. मुंबईने त्या माणसांशी असा करार का करू नये?

उपअभियंता_निवृत्त

हडसनकाठ, फार मोलाचं लिहिलंत. गोरेगावकरांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पंप-टाकी उभारायचा खर्च मोठा नसतो, तो सरकारी योजनेतून निघतो. मरतं ते चालवण्यात. त्यामुळे काठच्या पाड्यांचं वीजबिल आणि पंपाची देखभाल शहराच्या पाण्याच्या खर्चातच धरायची, जसं भांडुपच्या पंपांचं बिल धरतात तसं. भांडुपच्या केंद्रात रोज २८०० दशलक्ष लिटर शुद्ध करायची क्षमता आहे, त्या यंत्रणेच्या बिलापुढे पाड्यांचे चार-पाच अश्वशक्तीचे पंप कुठेच दिसणार नाहीत. आता सोलर पंपही आहेत, दिवसा पाणी उचलून टाकीत टाकायला उत्तम चालतात, उन्हाळ्यात तर ऊनच ऊन. फक्त पॅनेल पुसायला आणि मोटर बिघडली तर आठवड्यात दुरुस्त करायला पगारी माणूस हवा. गावातलाच आयटीआय झालेला पोरगा ठेवा, त्याचाही महिन्याचा पगार त्यातूनच.

वाड्याचा_दादा

आता गारगाईवर बोलूया का, कारण ते आमच्या दारात आहे.

वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ गारगाई नदीवर धरण, रोज ४४० दशलक्ष लिटर मुंबईला, बोगद्याने मोडकसागरात सोडायचं आणि तिथून पुढे जुन्याच वाटेने. १९९० च्या दशकात माधवराव चितळेंच्या समितीने मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ असे पुढचे स्रोत सुचवले होते, त्यातलं मध्य वैतरणा झालं. गारगाईत सहा गावं बाधित, आणि तानसा अभयारण्याचं जंगल बुडणार, झाडं लाखांच्या घरात. मध्ये काही काळ हे मागे पडलं आणि मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प पुढे आला, दिवसाला २०० दशलक्ष लिटर आणि नंतर ४०० पर्यंत वाढवायचा. मग परत गारगाई वर आलं.

आमच्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही घरातलीच. म्हातारी माणसं म्हणतात देव, शेत, जंगल सोडून जायचं नाही. पोरं म्हणतात योग्य मोबदला आणि नोकरी मिळत असेल तर बोलू. पण दोघांनाही भातसाचं उदाहरण माहीत आहे, तिथले प्रकल्पग्रस्त इतक्या वर्षांनी अजून पुनर्वसनासाठी आंदोलनं करतात. त्यामुळे विश्वास कोणावर ठेवायचा हा प्रश्न आहे.

मीनल_ठाणे

दादा, धरण हवं का नको यावर माझं मत सांगते, पटलं नाही तर जरूर खोडा. मुंबईत सात मलजल प्रक्रिया केंद्रं नव्याने बांधताहेत, वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा, मिळून रोज २४६४ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया होणार. त्यातलं काही पाणी आणखी शुद्ध करून कारखाने, बागा, बांधकाम, फ्लशिंगला दिलं तर तेवढं पिण्याचं पाणी मोकळं होतं. गळती अर्ध्यावर आणली तर एका गारगाईपेक्षा जास्त पाणी घरात बसून मिळतं. हे दोन्ही आधी करा, मग जंगल बुडवायचं बोला. २०२४ च्या जूनमध्ये दहा टक्के कपात झाली होती, लोकांनी भागवलं ना.

मानखुर्दची_ताई

दहा टक्के कपात तुमच्याकडे दहा टक्के असते मीनलताई, आमच्याकडे लाइनच्या शेवटच्या टोकाला ती पूर्ण पाणीच घेऊन जाते. प्रेशर कमी झालं की टोकाच्या घरात थेंब येत नाही. गळती थांबवा याला माझा पाठिंबा आहे, फक्त कपातीला सोपं म्हणू नका.

जुनी_मुंबई

ताईंचं म्हणणं महत्त्वाचं आहे. मुंबईत पाणी कमी पडतं त्यात वाटपाचा भाग मोठा आहे, आणि नवं धरण बांधून वाटप सुधारत नाही. मध्य वैतरणेने रोज ४५५ दशलक्ष लिटर वाढवले, तरी ताईंच्या वस्तीत पहाटेचा तासच राहिला.

डोंगरवाट

मी ट्रेकला त्या भागात फिरतो, आजोबाच्या डोंगराकडे वगैरे. तिथल्या पाड्यांवर डिसेंबरमध्ये गोणी भरून वनराई बंधारे घालतात, आम्ही मित्र दरवर्षी श्रमदानाला जातो. त्याने गुरांचं आणि कपड्यांचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरतं. मेपर्यंत पुरत नाही हे तिथली माणसंच सांगतात. तेव्हा पाणी अडवा पाणी जिरवा हे करायलाच हवं पण ते नळाला पर्याय म्हणून आदिवासींच्या गळ्यात मारू नये. शहराला धरण आणि त्यांना गोणी, हे बरोबर नाही.

शहापूरचा_मास्तर

डोंगरवाट, शेवटचं वाक्य आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे.

खर्डीकर

खूप शिकायला मिळालं सगळ्यांकडून. आता एक नेमकं विचारतो सरांना आणि दादांना. हे नुसतं बोलण्यात जाऊ नये असं वाटतं. गारगाईच्या बाबतीत लोकांच्या हातात नेमकं काय आहे? ग्रामसभेने ठराव केला तर त्याला किंमत आहे का?

उपअभियंता_निवृत्त

आहे. वाडा, मोखाडा, शहापूर हे अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्र आहे, तिथे पेसा हा ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा लागू, १९९६ चा, आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावीच लागते. वनहक्क कायद्याखालचे दावे, जे आधी ग्रामसभेपुढेच येतात, ते निकाली निघाल्याशिवाय वनजमीन वळवायची नाही असा दंडक आहे. शिवाय अभयारण्य असल्याने वन्यजीव मंडळाकडूनही परवानगी लागते. या सगळ्या पायऱ्यांवर अटी घालता येतात. धरण झाल्यावर मागणी करायला गेलात तर तुमच्या हातात काही उरत नाही, भातसाचे लोक तेच सांगतील. मागायचं ते परवानगीच्या आधी.

ठरावात कोणत्या गोष्टी याव्यात ते सांगतो. धरणापासून ठरावीक अंतरातल्या प्रत्येक पाड्याचं नाव, लोकसंख्या आणि टाकीची जागा. माणशी ५५ लिटर, गुरांचं पाणी वेगळं धरून. हे पाणी धरणाच्या पाणी आरक्षणात, म्हणजे कोणाला किती पाणी त्या यादीत, स्वतंत्र ओळ म्हणून, "मुंबई महापालिका" या ओळीच्या वर. पंप, वीज, माणसाचा पगार हे सगळं प्रकल्पाच्या चालू खर्चात, ग्रामपंचायतीच्या नावावर मीटर नको. आणि धरणात पाणी अडवायच्या आधी या नळांची चाचणी, उन्हाळ्यात, मे महिन्यात.

गोरेगावकर_७१

मी आमच्या सोसायटीच्या आणि वॉर्डातल्या ओळखीच्या लोकांना हा धागा पाठवला. मुंबईच्या बाजूनेही पत्र जायला हवं, नगरसेवकाला, पालिकेच्या पाणी खात्याला, की आमच्या पाणीपट्टीत काठच्या गावांसाठी वेगळा हिस्सा धरा, आमची हरकत नाही. महिन्याला घरटी काही रुपयांनी कोणाचं बिघडत नाही. पत्राचा मसुदा मीनलताईंनी आकड्यांसकट लिहिला तर मी सह्या गोळा करायचं अंगावर घेतो.

मीनल_ठाणे

लिहिते. त्यात ताईंच्या वस्तीचं ४५ लिटरचं माप बदलायची मागणीपण घालते, एकाच पत्रात. ताई, तुमच्याकडच्या महिला मंडळाच्या सह्या पण हव्यात.

मानखुर्दची_ताई

मिळतील.

वाड्याचा_दादा

सर, ठरावात एक वाढवतो. बोगद्याचं काम सुरू झालं की स्फोटांनी जवळच्या विहिरींचं पाणी जातं अशी भीती सगळ्यांना आहे. तर कामाच्या आधी आसपासच्या प्रत्येक विहिरीची पाण्याची पातळी सरकारी माणसाने ग्रामसभेसमोर मोजून नोंदवायची, फोटोसकट, दर महिन्याला, आणि पातळी खाली गेली तर टँकर कंत्राटदाराने नव्हे, प्रकल्पाने द्यायचा. हे चालेल का लिहायला?

उपअभियंता_निवृत्त

चालेल काय, लिहाच. आणि मोजणी निदान पूर्ण एक वर्ष आधीपासून सुरू करा, म्हणजे तिन्ही ऋतूंची पातळी हातात असेल. नुसती मे महिन्याची नोंद असली तर समोरचा म्हणेल ही विहीर उन्हाळ्यात आटतेच. मास्तरांच्या शाळेतली मोठी पोरंपोरी हे शिकू शकतात, दोरीला खुणा करून वजन बांधायचं आणि कठड्यापासून पाण्यापर्यंत मोजायचं, वहीत तारीख घालून. सरकारी नोंदीच्या बरोबरीने गावाची स्वतःची वही असू द्या.

शहापूरचा_मास्तर

पुढच्या सोमवारपासून सुरू करतो. आमच्या गटातल्या विहिरींची यादी तयार आहे, मोखाड्याची बोरघरच्या ताईंनी पाठवा, वाड्याची दादांनी.